पोकलेनचे जे सिरीज दात : घेण्याआधी पोकळी तपासा

कॅटरपिलरच्या जे सिरीज दातांची रचना जुनी आहे, तरी २० टनी पोकलेनच्या बकेटवर ती आजही सर्रास दिसते, आणि मशीन कॅटचेच असावे लागते असेही नाही. माल सगळीकडे मिळतो, भाव परवडतो आणि बदलायला घणाशिवाय फारसे काही लागत नाही. या वर्गात सहसा जे ३०० किंवा जे ३५० बसतो. आकडा वाढला की दात मोठा. जे ३५० च्या साध्या लाँग दाताचा पार्ट नंबर १यू३३५२. हाच नंबर कॉपीवरही ओतलेला असतो, म्हणून नंबर बघून अस्सल-नक्कल ठरवू नका.

रचना सरळ आहे. अ‍ॅडाप्टर बकेटच्या ओठावर वेल्ड केलेला असतो. त्याच्या पुढे आलेल्या निमुळत्या भागावर, म्हणजे नाकावर, दाताची पोकळी चढते आणि आडवी पिन आरपार जाते. नाकाच्या एका बाजूच्या खाचेत रिटेनर, म्हणजे आपल्याकडचा लॉक वॉशर, बसतो आणि तो पिनला धरून ठेवतो. पिन ठोकायची ती रिटेनरच्या विरुद्ध बाजूने, काढायची ती रिटेनरच्या बाजूने. हे उलटे झाले की वॉशर फाटतो, आणि दात कधी गळाला ते ऑपरेटरला कळतही नाही.

या दाताचे खरे बलस्थान आणि खरी दुखरी नस एकच : नाक आणि पोकळी यांची बसणी. खोदताना येणारा जोर नाकाने घ्यायचा असतो. पिनेचे काम दात निसटू न देण्यापुरते. पोकळी ढिली ओतलेली असेल तर दात प्रत्येक घासाला डुलतो, पिन वाकते आणि नाकाच्या कडा गोल होतात. मग त्या नाकावर अस्सल दात चढवला तरी तोही डुलतोच. स्वस्त दाताचा खर्च असा अ‍ॅडाप्टरवर निघतो.

म्हणून दुकानात जाताना एक चांगला अ‍ॅडाप्टर सोबत न्या. नाकाला पातळ ऑइल पेंट लावा, दात दाबून बसवा, काढून बघा. रंग पोकळीत पुढे आणि मागे, वर आणि खाली, दोन्हीकडे उमटला पाहिजे. एकाच कोपऱ्यात उमटला तर तो दात परत. दाताची मागची कड अ‍ॅडाप्टरच्या खांद्याला टेकत असेल तरीही परत, कारण मग जोर नाकाऐवजी खांद्यावर जातो. पिनेची भोके जुळवायला ग्राइंडर लावावा लागला, तर ओतकामच चुकलेले आहे.

पोलादाबद्दल दुकानदार 'मँगनीज आहे' म्हणून भाव वाढवतात. चुंबक लावून बघा. हॅडफिल्ड मँगनीज पोलादाला चुंबक चिकटत नाही. दाताला चिकटला तर तो लो-अ‍ॅलॉय (इतर धातू थोड्याच प्रमाणात मिसळलेल्या) पोलादाचा आहे, आणि तसाच असावा. मँगनीज पोलाद जोरदार आदळण्यानेच कडक होते. वाळू किंवा मुरुमात नुसते घासले गेले तर मऊच राहते आणि लवकर झिजते. लो-अ‍ॅलॉय दात पाणी देऊन (तापवून झटक्यात थंड करून), मग टेंपर करून (ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा बेताने तापवून) साधारण ४७० ते ५२० ब्रिनेलपर्यंत (ब्रिनेल हे कडकपणाचे माप) आणतात. मात्र हा आकडा आतपर्यंत हवा. हलक्या दातांत वरची काही मिलिमीटरच कडक असते, म्हणून पहिले काही दिवस छान जातात आणि मग दात मेणासारखा उतरतो. झिजलेला दात कापून मधल्या भागाची कडकपणा तपासणी केली की दुकानदाराची पारख होते. उलट, टेंपर न केलेला अतिकडक दात बेसाल्टमध्ये नाकापाशी काडकन तुटतो.

आकार कामाप्रमाणे घ्या. मुरूम, माती, भराव यांना लाँग पुरतो. फोडलेला काळा दगड भरायचा असेल तर रॉक चिझल : त्यात झिजायला माल जास्त. टोकदार टायगर घट्ट थरात छान घुसतो, पण टोक लवकर जाते. सगळ्या कामाला टायगर लावणे म्हणजे पैसे उडवणे. कोपऱ्यांचे दात आधी झिजतात, त्यांची मधल्यांशी अदलाबदल करा. पोकळीची भिंत पातळ झाली की दात बदला. भोक पडून नाक दिसेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

वेल्डिंगचा जुगाड हा या दाताचा सर्वात मोठा शत्रू. रिटेनर हरवला म्हणून पिनेला टाका मारला की ती पुढे गॅसनेच निघते, आणि त्या उष्णतेने नाकाचा टेंपर उतरतो. नवा अ‍ॅडाप्टर लावताना १५० ते २०० अंश सेल्सिअस प्रीहीट (वेल्डआधी तापवणे), भट्टीत सुकवलेले ७०१८ वेल्डिंग रॉड आणि सावकाश थंड होऊ देणे. पाणी मारायचे नाही. ओठाच्या पुढच्या कडेवर वेल्ड आडवा नेऊ नका, तडा तिथूनच सुरू होतो.

घण न लागणाऱ्या नव्या रचनांशी तुलना केली तर जे सिरीज बदलायच्या बाबतीत मागे पडते. कॅटच्याच अ‍ॅडव्हान्सिसमध्ये पाऊण इंची चौकोनी ड्राइव्हने लॉक अर्धा फेरा फिरवला की दात सुटतो. एस्को कंपनीच्या अल्ट्रालॉक दातांमध्येही घण लागत नाही. घणाखाली पिनेचे कण डोळ्यात उडण्याचा धोका तिथे जातो (जे सिरीजवर हेल्परला गॉगल सक्तीचा). पण त्यासाठी सगळे अ‍ॅडाप्टर बदलावे लागतात. दात सारखे बदलावे लागणाऱ्या मोठ्या खाणीत हा खर्च निघतो. क्रशरला माल देणाऱ्यांनीही विचार करावा, कारण गळालेला एक दात जॉ क्रशरमध्ये गेला की प्लांट बंद. एक-दोन मशीन असलेल्या ठेकेदाराने जे सिरीजच ठेवावी, आणि प्रत्येक दातासोबत नवी पिन व नवा रिटेनर घ्यावा. जुना रिटेनर ढिला पडलेला असतो, तो पुन्हा वापरून वाचतात ते पैसे किरकोळ.