साबाला विमानाने जावं की बोटीने? १९ फेऱ्यांनंतरचा अनुभव

मी कॅरिबियनमधल्या सिंट मार्टेन बेटावर, फिलिप्सबर्गमध्ये एका दुकानाचे हिशेब बघतो. बायको शेजारच्या साबा बेटावरच्या मेडिकल कॉलेजात शिकवते. त्यामुळे गेल्या ऑगस्टपासून माझे शनिवार-रविवार या दोन बेटांच्या मधल्या पंचेचाळीसेक किलोमीटर पाण्याने खाल्ले आहेत. आतापर्यंत जाऊन-येऊन १९ फेऱ्या झाल्या. ११ विमानाने, ६ बोटीने आणि २ वेळा जाताना एक, येताना दुसरं. एवढ्या भांडवलावर लिहायला हरकत नाही.

साबा म्हणजे समुद्रातून सरळ वर आलेला एक ज्वालामुखी. क्षेत्रफळ १३ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. माउंट सीनरी हे त्याचं टोक साधारण पावणेनऊशे मीटर उंच. उंची आपल्या माथेरानपेक्षा थोडी जास्त, पण इथे पायथा नावाचा प्रकार नाही, पाय थेट समुद्रात. २०१० पासून साबा ही नेदरलँड्सची खास नगरपालिका आहे, त्यामुळे हा डोंगर अख्ख्या नेदरलँड्स देशातला सर्वात उंच! सपाट देशाचं सर्वोच्च शिखर कॅरिबियनमध्ये, हे ऐकून आमच्या अलिबागच्या काकांनी फोनवर दोनदा खात्री करून घेतली.

साबाचं नाव काढलं की सगळे आधी धावपट्टीचं विचारतात. लांबी ४०० मीटर. शाळेच्या स्पर्धेत मैदानाला एक पूर्ण फेरी मारायचो, तेवढी. दोन्ही टोकांना कडा आणि खाली पाणी, एका बाजूला डोंगर. व्हिडिओ बघून आलेला माणूस विमानतळावर पोहोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो. माझंही पहिल्यांदा तेच झालं. पण ११ वेळा तिथे उतरल्यावर सांगतो, त्या पट्टीची भीती घालवायला दोन फेऱ्या पुरतात. जी गोष्ट आठवड्याची वाट लावू शकते ती पट्टी नाही. ती म्हणजे वारा, आणि त्याच्या खालोखाल तुमची बॅग.

आधी विमान. इथे ट्विन ऑटर चालतं, १९ आसनांचं, पंख वर, चाकं कायम बाहेर. आखूड धावपट्टीसाठीच बनवलेलं कॅनेडियन विमान, पहिलं उड्डाण १९६५ चं. आत शिरलं की एसटीच्या मिनीबसची आठवण येते. वैमानिकांच्या पाठी तुमच्यासमोर असतात आणि पुढच्या काचेतून त्यांना दिसतं ते तुम्हालाही दिसतं. जागेचा नंबर मला कधीच मिळाला नाही, जो आधी चढेल त्याची खिडकी. जाताना उजवी बाजू पकडा. वारा बहुधा पूर्वेचा असल्याने विमान वायव्येकडून येतं आणि उतरायच्या आधी डोंगराचा कडा उजव्या खिडकीत इतका जवळ येतो की झुडपं ओळखू येतात. मग एक आपटी आणि लगेच पंखे उलटे फिरल्यासारखी घरघर. पोट पुढे जातं, विमान थांबतं. पट्टी उरलेली असते. दरवेळी उरलेली असते. इथे विमान उतरवायला वैमानिकांना वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि ते दिवसातून कितीदा तरी हे करतात.

ही जागा सापडली कशी, ते ऐकण्यासारखं आहे. फ्लॅट पॉइंट हा बेटावरचा जवळजवळ एकमेव सपाट तुकडा. शेजारच्या सेंट बार्थेलमीवरचे वैमानिक रेमी द हानेन यांनी तो हेरला, गावकऱ्यांनी हातांनी दगडधोंडे वेचून पट्टी मोकळी केली, आणि ९ फेब्रुवारी १९५९ ला त्यांनी तिथे पहिलं विमान उतरवलं. रीतसर विमानतळ १९६३ मध्ये झाला.

हवेतला वेळ १२ ते १५ मिनिटं. हा आकडा सगळे सांगतात आणि पूर्ण फसवा आहे. मी फिलिप्सबर्गला राहतो, प्रिन्सेस जुलियाना विमानतळ बेटाच्या दुसऱ्या टोकाला. वाटेत कोल बेची चढण, तिथली गर्दी, आणि सिम्पसन बेचा उघडणारा पूल. सरोवरात याटी सोडायला तो दिवसातून ठरलेल्या वेळी उघडतो आणि सगळी वाहतूक ताटकळते. समोर कोणा धनिकाची पांढरी याट निवांत सरकते आणि मागे आम्ही घड्याळ बघत बसतो. मग चेक-इन, इमिग्रेशन, सुरक्षा. सिंट मार्टेन डच राज्यातला वेगळा देश आणि साबा नेदरलँड्सचा भाग, त्यामुळे १२ मिनिटांसाठीही पासपोर्ट लागतोच. भारतीय पासपोर्टवाल्यांनी कॅरिबियन व्हिसाची सोय आधी बघून ठेवावी. दारापासून दारापर्यंत मला विमानाने साधारण साडेतीन तास लागतात.

बोट फिलिप्सबर्गहूनच सुटते. माझ्या खोलीपासून धक्का चालत पंधरा मिनिटं. समुद्रात सव्वा ते दीड तास. म्हणजे एकूण वेळ विमानापेक्षा कमी! हे कळायला मला चार फेऱ्या लागल्या. शिवाय बोट लागते फोर्ट बे बंदराला आणि बायकोचं घर आहे द बॉटमला, टॅक्सीने दहा मिनिटं. (नाव द बॉटम, पण गाव तळाला नाही, डोंगराच्या कुशीतल्या वाटीत वर बसलंय.) विमानतळ बेटाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, तिथून नागमोडी रस्त्याने झायन्स हिल, मग विंडवर्डसाइड, मग खाली द बॉटम. डायव्हिंगला येणारे बरेच जण विंडवर्डसाइडला राहतात, त्यांना विमानाचा त्रास कमी.

त्या रस्त्याबद्दल दोन ओळी, कारण टॅक्सीवाले हे सांगितल्याशिवाय सोडत नाहीत. इंजिनीअर म्हणाले, या डोंगरात रस्ता होणार नाही. तेव्हा बेटावरच्याच जोसेफस लॅम्बर्ट हॅसेल यांनी पत्राने अभ्यासक्रम करून रस्ताबांधणी शिकून घेतली आणि १९३८ मध्ये काम सुरू झालं. पहिली मोटार बेटावर आली १९४७ मध्ये. त्याआधी सगळं डोक्यावरून. लॅडर बेला कड्यात कोरलेल्या ८०० पायऱ्या अजून आहेत. पियानोसुद्धा त्यावरून चढवला असं म्हातारी माणसं सांगतात. मी रिकाम्या हाताने चढलो आणि मध्ये तीनदा बसलो.

आता बोटीची खरी गोष्ट. मी अलिबागचा. रेवस ते भाऊचा धक्का लाँचमध्ये लहानाचा मोठा झालो, बोट लागणं वगैरे आपल्याला नाही, या तोऱ्यात होतो. तो तोरा डिसेंबरात उतरला. इथे पावसाळ्यात लाँच बंद असा प्रकार नाही. जून ते नोव्हेंबर चक्रीवादळांचा मोसम, पण वादळ जवळ नसेल तर त्या दिवसांतला समुद्र बऱ्याचदा गुळगुळीत असतो. खरा दणका नाताळच्या सुमारास. व्यापारी वारे जोर धरतात, त्यांना इथे ‘ख्रिसमस विंड्स’च म्हणतात, आणि त्यात उत्तर अटलांटिकमधल्या वादळांच्या लांब लाटा येऊन मिळतात. जाताना वारा साधारण पाठीशी, बोट लाटेवरून घसरत जाते, चालून जातं. येताना तीच बोट लाटांच्या तोंडावर. वर उचलते, क्षणभर काहीच होत नाही, मग दणकन खाली. शेजारच्या मुलाने पिशवी तोंडाला लावली, मग त्याच्या आईने, मग मी. अलिबागकराने. कोणाला सांगू नका.

तेव्हापासून अर्धा तास आधी एव्होमिन आणि खिशात आलेपाक. झोप येते, पण झोपच बरी. मागच्या बाजूला, मधोमध, खाली बसा, वरच्या डेकचा मोह जाताना पुरवा. आणि परतीच्या दिवशी सकाळी तळलेलं काही खाऊ नका. बायकोच्या हातच्या वड्यांचा असा अपमान मी एकदा केला आहे.

बॅगेचं काय? विमान छोटं, पट्टी आखूड, म्हणजे वजनाला मर्यादा. सामान जास्त झालं की माणसं जातात, बॅगा पुढच्या विमानाने. माझी बॅग दोनदा मागे राहिली, एकदा दुसऱ्या दिवशी दुपारी मिळाली. काउंटरवर कोणी आपणहून सांगत नाही, साबाला उतरून रिकाम्या गाड्याकडे बघत उभं राहिल्यावर कळतं. राग येतो, पण त्यांचं गणित समजलं की कमी येतो. बोटीवर मी कुकर, पाच किलो तांदूळ, एकदा टेबल फॅनही नेला, कोणी भुवई उचलली नाही.

पिठाचा किस्सा सांगतोच. गणपतीच्या आधी बायकोचा फोन, ‘अरे, मोदकाचं पीठ आण, इथे मिळत नाही. नारळ नको, नारळ आहेत.’ बॅग मागे राहायची धास्ती म्हणून दोन किलो तांदळाची पिठी मी हातातल्या पिशवीत घेतली. सुट्टी, पारदर्शक प्लास्टिकमध्ये, गाठ मारलेली. कॅरिबियन विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत दोन किलो पांढरी पूड घेऊन उभा असलेला मी! तपासणीवरच्या पोराने पट्टा फिरवून पिशवी परत यंत्रात घातली, मग त्याच्या वरच्या बाई आल्या, वयस्क, चष्मा दोरीला. मी तीनदा ‘राइस फ्लोअर’ म्हणालो. त्यांनी गाठ सोडली, चिमूट घेऊन बोटांत चोळली आणि विचारलं, ‘डम्पलिंग्ज?’ मी म्हटलं, तसंच, पण आत गोड. त्यांनी गाठ परत मारली, माझ्यापेक्षा घट्ट. गणपती वेळेवर जेवले.

भरवशाच्या बाबतीत दोघांनाही मी सारखेच गुण देईन, म्हणजे बेताचेच. बोट ठरावीक दिवशीच, तीही समुद्र चढला की रद्द. फोर्ट बेचा धक्का १९७२ चा, त्याआधी होड्यांतून लाटांमध्ये उडी मारून उतरायचे, तेव्हा तक्रार करायला तोंड नाही. विमानं दिवसातून अनेक, पण वारा आडवा झाला की तीही नाहीत, आणि अंधार पडल्यावर प्रश्नच नाही. जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळीच बोट रद्द झाली. विमानाचं तिकीट काढलं, धावतपळत पूल ओलांडून वेळेत पोहोचलो. विमान उडालं, साबा समोर दिसलं, लाल छपरंसुद्धा मोजता येतील इतकं जवळ आलं. मग वैमानिकाने पट्टीवरून एक चक्कर मारली, दुसरी मारली, मान हलवली आणि विमान वळवलं. कोणी काही बोललं नाही. अर्ध्या तासात मी निघालो तिथेच, हातात दह्याचा डबा. खाली द बॉटममध्ये बायकोने पोळ्या लाटायला घेतल्या होत्या. तिला इंजिनाचा आवाज येऊन जाताना कळला.

म्हणून साबाहून पुढचं आंतरराष्ट्रीय विमान पकडायचं असेल तर त्याच दिवसाची जुळणी करू नका. एक रात्र सिंट मार्टेनला ठेवाच. सासूबाईंना मुंबईला पाठवताना आम्ही ठेवली, आणि बरं झालं ठेवली.

भाडं विमानाचं जास्त, आणि ते दर महिन्याला बोचतं. सासूबाई आल्या तेव्हा मात्र दोन्ही दिशांना विमानच. त्या उतरताना डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या, मधेच पट्टीवर आपटी बसली, आणि ‘झालं का?’ म्हणून त्यांनी डोळे उघडले. बोटीवर दीड तास कोणाची रामरक्षा पुरली असती?

सध्या माझी घडी अशी बसली आहे: मे ते नोव्हेंबर, वादळाची बातमी नसेल तर जायला-यायला बोट. डिसेंबर ते मार्च जाताना बोट, येताना विमान, कारण येताना वारा तोंडावर असतो आणि माझ्याकडे सामान नसतं. गुरुवारी रात्री वाऱ्याचा अंदाज बघतो, २० नॉटच्या वर गेला की बायकोला आधीच सांगून ठेवतो, पोळ्या आल्यावर लाट.

परवाच्या शुक्रवारचा अंदाज २२ दाखवतोय. माझं तिकीट विमानाचं काढलंय, पण तांदूळ आणि नवीन मिक्सर आजच्या बोटीने ओळखीच्या खलाशाबरोबर पुढे पाठवून दिलेत. पोहोचल्याचा मेसेज आत्ताच आला.