बलेनो आरएस आणि सासऱ्यांची ८५ ची मारुती: ठाण्यात आठ महिने दोन्ही चालवून

घरी सध्या दोन सुझुकी आहेत. माझी २०१८ ची बलेनो आरएस, आणि सासऱ्यांची १९८५ ची मारुती ८००, म्हणजे ती चौकोनी एसएस८०, ८६ ला नवीन बॉडी आली त्याच्या आधीची. सासऱ्यांचे गुडघे गेले तशी गाडी नौपाड्यातून आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत आली, विकायची नाही या अटीवर.

दोघींना सिलिंडर तीनच. ९९८ सीसी आणि ७९६ सीसी, पण टर्बोमुळे, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणाऱ्या पंख्यामुळे, आरएसला १०१ बीएचपी ताकद आणि ८०० बिचारी चाळिशीच्या आतच. कागदावर तुलनाच नको. पण घोडबंदर रोडला कागद चालत नाही ना, आरएसचा १५० न्यूटन मीटर टॉर्क १७०० आरपीएमनंतर मिळतो आणि कापूरबावडीला सकाळी सेकंडमध्ये टर्बो जागा होतोय तोवर समोर बसचा बंपर आलेला असतो. ८०० मात्र चार गिअरचे चारही वापरून पन्नासला पोचते आणि आपण काहीतरी भारी चालवतोय असं वाटतं.

८०० ची कटकट आहेच. चोक, म्हणजे थंड इंजिनला जास्त पेट्रोल देणारा नॉब, हाताने ओढायचा, आता केबल ढिली झाल्याने नॉब आत जातो, म्हणून त्यामागे कपड्यांचा चिमटा लावायचा ही सासऱ्यांची आयडिया. इंजिन गरम झालं की चिमटा काढायचा. एकदा मी विसरलो, मानपाड्यापासून चोक ओढलेलाच, पेट्रोलचा वास येतोय तर मला वाटतंय पुढच्या बाइकचा असेल, आणि तीन हात नाक्यावर गाडी बंद. प्लग काळेकुट्ट. एक रिक्षावाले काका धक्का मारायला उतरले, चिमटा बघून म्हणाले, "साहेब, आत कपडे वाळत घातलेत का?"

आल्या आल्या फ्युएल पाइप सगळे बदलले, कारण पंपावर आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, आणि जुन्या रबराला इथेनॉल सोसत नाही, फुगतं, चिरा पडतात. कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा जुना भाग) जमणारा मेकॅनिक मिळायलाच तीन आठवडे गेले.

ब्रेकला बूस्टर नाही, पॉवर स्टीअरिंग नाही, एसी नाही. पावसात मी तिला काढतच नाही. तिथे आरएसचे चारही डिस्क आणि एबीएस. खंडाळ्याचा घाट थर्डमध्ये चढताना आरएस का घेतली ते कळतं, तरी हॉट हॅच, म्हणजे छोटी पण सुसाट गाडी, म्हणणं जरा जास्तच, वॉर्म म्हणा.

पण शनिवारी संध्याकाळी राम मारुती रोडला ३९९५ मिलिमीटर लांबीची आरएस घेऊन तीन चकरा मारून परत आलोय, आणि ८०० दोन स्कूटरच्या मधे बसलीय. वर अनोळखी आजोबा येऊन "आमच्याकडे होती हो" म्हणत बॉनेटवर हात फिरवून जातात.

कोणी व्हिंटेज म्हटलं की सासरे खूश होतात, पण कायद्याने त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे २०३५. तोवर दर पाच वर्षांनी फिटनेस आणि ग्रीन टॅक्स. २०२५ ला पासिंग झालंय, म्हणजे २०३० पर्यंत मला दोन पार्किंग लागणार, सेक्रेटरींना अजून सांगितलेलं नाही.