२००डी मार्क टू म्हणून विकलेला जुना २००डी : सेकंडहँड डीएसएलआरमधली फसवणूक आणि ती पकडायची पद्धत

व्यवहार झाला यवतमाळच्या एसटी स्टँडवर, संध्याकाळी सात वाजता. घेणारा दारव्हा तालुक्यातला तरुण मुलगा. कापसाचे चुकारे हातात आले तेव्हा घरच्यांनी त्याला ३६ हजार रुपये दिले. लग्नसराई तोंडावर होती आणि गावात फोटोची कामं धरायची होती. समोरच्याने देऊ केलेला माल असा : कॅननचा २००डी मार्क टू, किट लेन्स (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी), दोन बॅटऱ्या, ६४ जीबीचं कार्ड, वरून लावायचा फ्लॅश आणि बॅग. "दोनच लगनं मारले भाऊ यानं, शोकेसचा पीस हाये." फ्लॅश कॅमेऱ्यावर चढवून दोनदा उडवून दाखवला, स्क्रीनवर फोटो दाखवला, पैसे घेतले आणि माणूस बसमध्ये बसला.

प्रत्यक्षात बॅगेत होता २०१७ सालचा पहिला २००डी. त्यावर भलत्याच स्वस्त किटमधली लेन्स, आत झिजलेलं शटर (क्लिक केलं की उघडून मिटणारे पडदे) आणि ६४ छापलेलं पण आतून ८ जीबीचं कार्ड. या चारही गोष्टी दिवसाउजेडी अर्ध्या तासात पकडता येतात. कशा, ते इथे सविस्तर लिहितो आहोत, कारण हाच माल याच शब्दांत पुसदला, वणीला, हिंगणघाटला पुन्हा विकला जाणार आहे.

आधी कॅमेरा. पहिला २००डी आणि २०१९ चा मार्क टू हातात घेतले तर फरक कळत नाही. बॅटरी-कार्डासह एकाचं वजन ४५३ ग्रॅम, दुसऱ्याचं ४४९. बाजूला उघडून फिरणारी स्क्रीन दोन्हीला, बॅटरी एकच, एलपी-ई१७. एकाला २४.२ मेगापिक्सेल, दुसऱ्याला २४.१. खरा फरक आत आहे : मार्क टू मध्ये डिजिक ८ प्रोसेसर आणि ४के व्हिडिओ, पहिल्यात डिजिक ७ आणि ४के नाही. कंपनीच्या आकड्यांप्रमाणे एका चार्जिंगमध्ये पहिल्यावर ६५० फोटो निघतात, मार्क टू वर १,०७०. दिवसभराच्या लग्नात हा फरक जाणवतो. या कॅमेऱ्यावर पुढच्या बाजूला २००डीच्या पुढे दोन बारीक उभ्या रेघा चिकटवल्या होत्या. नखाने कड उचलली की पहिली रेघ सुटून बोटावर येत होती. स्टँडवरच्या पिवळ्या दिव्याखाली ते कोणालाच दिसलं नसतं.

पण नाव न वाचताही ओळखता येतं. फ्लॅश सरकवायची जी खाच कॅमेऱ्याच्या डोक्यावर असते, ती हॉट शू, नीट बघा. पहिल्या २००डीवर तिथे मधोमध एक मोठा गोल ठिपका आणि भोवती चार लहान ठिपके असतात. मार्क टू वर मधला मोठा ठिपकाच नाही, कॅननने तो काढून टाकला. आपल्याकडे गावोगावी मिळणारे एक पिनचे स्वस्त फ्लॅश आणि लांबचा फ्लॅश उडवणारे ट्रिगर फक्त त्या मधल्या ठिपक्यावर चालतात, म्हणून मार्क टू च्या डोक्यावर चढवले तर ते उडतच नाहीत. म्हणजे विश्वास बसावा म्हणून जो फ्लॅश दोनदा उडवून दाखवला, त्यानेच हा मार्क टू नाही हे सांगितलं होतं. उलट बाजूही लक्षात ठेवा : खरा मार्क टू किंवा कॅननचाच १५००डी घेणार असाल आणि विकणारा सोबत एक पिनचा फ्लॅश 'फुकट' देत असेल, तर तो फ्लॅश तुमच्या काही कामाचा नाही. १५००डीवरही तो मधला ठिपका नाही.

त्यानंतर एक फोटो काढा, कार्ड लॅपटॉपला लावा आणि फोटोची प्रॉपर्टी उघडा. तिथे कॅमेऱ्याचं मॉडेल लिहिलेलं असतं, तिथली अक्षरं स्टिकरने बदलत नाहीत. एक्झिफ, म्हणजे फोटोसोबत आपोआप साठणारी माहिती, दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बॉडीचा, म्हणजे लेन्स सोडून मूळ कॅमेऱ्याचा, सिरियल नंबरही दिसतो. तो नंबर, कॅमेऱ्याच्या बुडाशी असलेला नंबर, बॉक्सवरचा आणि बिलावरचा, असे चारही जुळले पाहिजेत. एक जरी जुळला नाही तर तिथून उठा. चोरीचा कॅमेरा असेल तर उद्या पोलीस तुमच्या दारात येतात.

लेन्सची बदली सगळ्यात जास्त चालते, कारण १८-५५ एवढं वाचून लोक थांबतात. मार्क टू सोबतची किट लेन्स १८-५५ एफ/४-५.६ आयएस एसटीएम आहे. या कॅमेऱ्यावर होती १८-५५ एफ/३.५-५.६ थ्री. विकणारा तर उलट बढाई मारतो की हिचं अॅपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, मोठं आहे. ३.५ हा आकडा ४ पेक्षा चांगला, हे खरंच. पण या लेन्समध्ये आयएस, म्हणजे हात हलला तर सावरणारी यंत्रणाच नाही. ५५ वर झूम करून हातात धरून फोटो काढायचा तर शटर साधारण १/९० सेकंदापेक्षा वेगवान ठेवावं लागतं, आणि मांडवातल्या उजेडात तेवढ्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला संवेदनशीलता) इतकं चढतं की नवरीच्या चेहऱ्यावर दाणे दिसतात. ओळख सोपी आहे. लेन्सच्या डाव्या अंगाला दोन बटणं हवीत, एएफ-एमएफचं (ऑटो की हाताने फोकस) एक आणि स्टॅबिलायझरचं दुसरं. थ्री वर एकच असतं. शिवाय फोकस करताना थ्री ची पुढची काच गरगर फिरते, एसटीएमची फिरत नाही. निकॉनच्या एएफ-पी किट लेन्सवर तर बटणच नसतं, तिथे व्हीआर (निकॉनचं आयएस) ही अक्षरं छापलेली आहेत का तेवढंच वाचायचं. निकॉनच्या डी३५०० मध्ये फोकसची मोटरही नाही. त्यामुळे कोणी जुनी ५० मिमी एफ/१.८डी सोबत देऊन भाव वाढवत असेल, तर त्या लेन्सवर ऑटोफोकस होणार नाही हे धरून चला.

बुरशी बघायला लेन्स काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. गडचिरोली, भंडाऱ्याकडे पावसाळाभर बंद बॅगेत पडलेल्या लेन्समध्ये हमखास सापडते. लेन्स काढल्यावर कॅननमधली अॅपर्चरची पाती उघडी राहतात, निकॉनच्या 'जी' अक्षर असलेल्या लेन्सची मिटलेली असतात. तिथे मागची लहानशी दांडी नखाने सरकवून धरल्याशिवाय आतलं काही दिसत नाही. बरेच जण मिटलेल्या पात्यांवरूनच लेन्स स्वच्छ आहे म्हणून मोकळे होतात.

आता शटर. पूर्ण लग्न, हळदीपासून वरातीपर्यंत, दोन-तीन हजार क्लिक खातं. निकॉन डी३५०० चं शटर कंपनीने एक लाख क्लिकसाठी तपासलेलं आहे, आणि या वर्गातल्या बाकी कॅमेऱ्यांचा हिशेबही तेवढाच धरावा. म्हणजे चाळीस-पन्नास लग्नं झाली की कॅमेरा म्हातारा. फोटोच्या नावातला आकडा दाखवून "बघा, चारच हजार झाले" म्हणतात, त्याला काही अर्थ नाही. तो ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो आणि मेनूतून हवा तेव्हा शून्यावर आणता येतो. निकॉनमध्ये खरा शटर काउंट फोटोच्या एक्झिफमध्ये असतो, मोबाइलवर न पाठवलेली मूळ जेपीजी फाइल लागते. कॅननच्या या मॉडेलांत तो फोटोत लिहिला जात नाही, सर्व्हिस सेंटरला दाखवावं लागतं. ज्याने फक्त व्हिडिओ केले, त्याचा काउंट कमी आणि फोटो टिपणारा सेन्सर मात्र तापून तापून थकलेला, असंही होतं. त्यासाठी झाकण लावून, मेनूतलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन (असे ठिपके पुसणारी सोय) बंद करून, ३० सेकंदांचा एक फोटो काढा. काळ्यावर लाल-निळे ठिपके किती, ते मोजा.

काउंट मिळाला नाही तरी भिंत खोटं बोलत नाही. दुपारी उन्हातली चुन्याची पांढरी भिंत घ्या. एम (मॅन्युअल) मोडवर शटर १/४००० सेकंद, गरजेप्रमाणे आयएसओ वाढवा, आणि तोच फोटो दहा वेळा काढा. शटरला दोन पडदे असतात. एवढ्या वेगाला त्यांच्यामधली फक्त एक चिंचोळी फट सेन्सरवरून सरकते. झिजलेल्या शटरमध्ये मागचा पडदा पुढच्याला गाठतो, फट मिटत जाते आणि फोटोच्या वरच्या किंवा खालच्या कडेला काळपट पट्टा येतो. या २००डीवर दहापैकी सहा फोटोंत पट्टा होता, तोही दर वेळी कमी-जास्त. १/१००० ला मात्र फोटो साफ. संध्याकाळी स्टँडवर १/६० ला काढलेल्या फोटोत तो दिसायचा संबंधच नव्हता. पुढची पायरी म्हणजे ऐन मंगलाष्टकांत स्क्रीनवर एरर २० किंवा ३०, म्हणजे शटर अडकल्याची सूचना.

सेन्सरवरच्या कचऱ्यासाठी लेन्स एफ/२२ ला, आयएसओ १००, फोकस बिघडवून आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. जिनिंगच्या आसपास लेन्स बदललेल्या कॅमेऱ्यात कापसाचा तंतू वाकड्या केसासारखा दिसतो. तो साफ करता येतो, तेवढ्यासाठी सौदा मोडू नका, पैसे कमी करा. डोळा लावून दिसणारे पण फोटोत न येणारे ठिपके आरशावर किंवा वरच्या काचेवर असतात, ते निरुपद्रवी. बॅटरीच्या खणात हिरवट-पांढरी बुरी किंवा बुडाच्या स्क्रूंची डोकी सोललेली दिसली, तर मात्र घेऊ नका. एकात पाणी गेलं आहे, दुसरा उघडला गेला आहे. दुसरी बॅटरी घालताच कॅमेरा 'हिच्यावर कॅननचा लोगो आहे का' असं विचारत असेल, तर ती नकली.

कार्डाची चाचणी फुकट होते. विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू नावाचं छोटं सॉफ्टवेअर कार्ड शेवटपर्यंत भरतं आणि परत वाचून पाहतं. नकली कार्ड कॅमेऱ्यात ६४ जीबीच दाखवतं, पहिले ८ जीबी व्यवस्थित साठवतं, त्यापुढचे फोटो मात्र उघडत नाहीत. हळद शाबूत आणि लग्न गायब, अशी गत होते. हे नुकसान कोणी भरून देत नाही, म्हणून कार्ड नवीन आणि पक्क्या बिलाचंच घ्या.

नवीन कॅमेऱ्यातही एक खड्डा आहे. मार्क टू परदेशात २५०डी, रिबेल एसएल३ आणि किस एक्स१० या नावांनी ओळखला जातो, १५००डी हा २०००डी, रिबेल टी७ आणि किस एक्स९० म्हणून. बॉडीवर यातलं नाव असेल तर तो बाहेरून आणलेला माल. बॉक्सवर भारतातल्या आयातदाराचा पत्ता आणि एमआरपी शोधा. बिलावरचा जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा २७ ने सुरू होतो आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की दुकानाचं नाव समोर येतं. डी३५०० चं उत्पादन बंद झालेलं आहे, त्यामुळे 'सीलबंद नवा' डी३५०० आला तर आधी बॉक्सवरचं वर्ष बघा. आणि 'मी फौजी, बदली झाली, कुरिअरने पाठवतो' म्हणत क्यूआर कोड पाठवणाऱ्याशी बोलूच नका. क्यूआर स्कॅन केला की पैसे जातात, येत नाहीत. पैसे गेलेच तर त्याच तासात सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा.

दुकानाने फसवलं तर ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवून जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंत फी नाही, आणि तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात अर्ज चालतो. स्टँडवर भेटलेला माणूस दुकानदार नसतो. तिथे पोलिसांत फसवणुकीची तक्रार एवढाच रस्ता, आणि त्यासाठी चॅट, यूपीआयची नोंद आणि सिरियल नंबरचा फोटो जपून ठेवलेला हवा. या मुलाने तेवढं तरी ठेवलं होतं, तक्रार गेली आहे. तोवर कॅमेरा कपाटात ठेवायची गरज नाही. शटर १/१००० च्या वर नेऊ नये, व्हिडिओला स्टँड लावावा, आणि घरातली कामं त्याच एक पिनच्या फ्लॅशवर १/२०० किंवा त्याखाली करावीत. तो ठिपका या बॉडीवर आहे, फ्लॅश उडतो.