बबल टिप ॲनिमोनचे फुगे आणि नवा एलईडी दिवा : सोळा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ज्या कारणासाठी मी हा एलईडी दिवा विकत घेतला ते कारणच चुकीचे होते, हे सोळा महिन्यांनंतर मला खात्रीने सांगता येते. दिवा मात्र वाईट नाही. माझ्या समुद्री टाकीतील (खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयातील) बबल टिप ॲनिमोन या प्राण्याच्या संस्पर्शकांवरचे, म्हणजे तोंडाभोवतीच्या बोटांसारख्या अवयवांवरचे, फुगे नाहीसे झाले होते आणि प्रकाश वाढवला की ते परत येतात, असे मला ठामपणे सांगण्यात आले होते. तेवढ्यासाठी अठरा हजार रुपये खर्च करण्याच्या बेतात जे कोणी असतील, त्यांनी हा अनुभव आधी वाचावा अशी इच्छा आहे.

टाकी ठाण्यात, राहत्या घरी आहे. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ४५ आणि उंची ५०, म्हणजे काठोकाठ भरल्यास २७० लिटर. खाली सम्प (पाणी गाळण्याची जोडटाकी), स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र) आणि चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र). ॲनिमोन आणला तेव्हा टाकीला अडीच वर्षे झाली होती, आणि त्याआधी तो आणायचा नाही हे पथ्य मी कसोशीने पाळले होते. मराठीत ज्यांना समुद्रपुष्प म्हणतात त्या प्राण्यांपैकी हा एक; शास्त्रीय नाव एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर. तांबड्या समुद्रापासून हिंदी महासागर ओलांडून पश्चिम प्रशांत महासागरापर्यंत तो आढळतो. उथळ पाण्यात तो लहान राहतो आणि एकाचे अनेक होऊन दाटीने वाढतो. खोल पाण्यात एकेकटा राहतो आणि त्याचा घेर ४० सेंटिमीटरपर्यंतही जातो. संस्पर्शकाच्या टोकाशी येणारा फुगा, त्याभोवतीचे पांढरट कडे आणि अगदी शेवटी असलेला गुलाबी ठिपका ही त्याची ओळख. दुकानात माझ्या ॲनिमोनचा प्रत्येक संस्पर्शक असा टपोरा होता. घरी आल्यावर अकराव्या दिवशी ते फुगे ओसरू लागले आणि तिसऱ्या आठवड्यात संस्पर्शक शेवयांसारखे लांब, निमुळते झाले.

त्या दिवसापासून मी नोंद ठेवत आहे. रोज दुपारी एक वाजता, दिवे सुरू होऊन चार तास झालेले असताना, एकाच जागेवरून एक छायाचित्र आणि शेजारी तापमान, सॅलिनिटी (पाण्याचा खारेपणा) व त्या दिवशी दिलेले खाद्य. वेळ एकच ठेवणे फार आवश्यक आहे, कारण हा प्राणी दिवसाच्या वेगवेगळ्या प्रहरी वेगवेगळा दिसतो. रात्री तो आकसतो. कधी सगळे पाणी बाहेर टाकून मुठीएवढा होतो आणि तोंडावाटे तपकिरी चिकट मळ सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूर्ण उमलतो. एखाद्या संध्याकाळी पाहिलेल्या रूपावरून निष्कर्ष काढणारा माणूस हमखास चुकतो. पहिल्या महिन्यात मीही असाच चुकलो.

संस्पर्शकाचा आकार बदलतो कसा, हे समजून घेतल्यावर माझी बरीच घालमेल थांबली. ॲनिमोनला हाड नाही, कवच नाही. त्याचे शरीर उभे राहते ते आत भरलेल्या पाण्याच्या दाबावर, आणि प्रत्येक संस्पर्शक ही त्याच पोकळीला जोडलेली एक पोकळ नळी असते. नळीच्या भिंतीत बाहेरच्या थरात उभे स्नायू आणि आतल्या थरात वर्तुळाकार स्नायू असतात. उभे स्नायू आवळले की नळी आखूड होते, वर्तुळाकार आवळले की ती बारीक आणि लांब होते, आणि एखाद्याच पट्ट्यात ते सैल पडले तर पाण्याचा दाब तेवढीच जागा फुगवतो. म्हणजे फुगा ही नव्याने उगवलेली वस्तू नाही आणि शेवयांसारखा संस्पर्शक ही झालेली इजा नाही. तोच अवयव, तेच पाणी, स्नायूंचा ताण मात्र वेगळा. म्हणूनच एका दिवसात रूप पालटू शकते. माझ्या नोंदींत कोळंबीचा तुकडा दिल्यानंतरच्या दुपारी संस्पर्शक आखूड आणि किंचित फुगीर दिसतात आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा लांबतात. हे इतक्या वेळा घडले आहे की मी ते आता गृहीतच धरतो.

आता दिव्याकडे येतो. तो दुसऱ्या महिन्यात बसवला. ॲनिमोनच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते आणि प्रकाशाच्या साहाय्याने त्याने बनवलेल्या अन्नावर ॲनिमोनचा मोठा भार असतो, त्यामुळे प्रकाश महत्त्वाचा आहे यात वाद नाही. चूक केली ती घाईची. एका स्नेह्यांकडून पार मीटर (शैवालाला वापरता येणारा प्रकाश मोजणारे उपकरण) आणून मोजले, तर दिवा ४० टक्क्यांवर असताना ॲनिमोनच्या खडकावर साधारण ९० आणि ७० टक्क्यांवर साधारण २१० मायक्रोमोल मिळत होते. मी चार दिवसांत ४० वरून ७० वर गेलो. पाचव्या दिवशी ॲनिमोनने आपली जागा सोडली, खडकाच्या मागे जाऊन बसला आणि नऊ दिवस तिथेच राहिला. त्या काळात वेव्हमेकरवर, म्हणजे टाकीत प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपावर, स्पंजची जाळी चढवलेली होती म्हणून तो वाचला, असे मी आजही मानतो; चालत्या ॲनिमोनला सर्वांत मोठा धोका पंपाच्या पात्यांचा असतो. नंतर प्रकाश पुन्हा खाली आणून दर आठवड्याला तीन टक्के, या गतीने प्रकाश वाढवत ६५ टक्क्यांपर्यंत आलो. त्याचा रंग गडद झाला, तोंडाभोवतीच्या चकतीचा व्यास सातवरून अकरा सेंटिमीटर झाला, तो पुढच्या बाजूला येऊन स्थिरावला. फुगे मात्र आले नाहीत. सहा महिन्यांच्या नोंदींत अर्ध्याहून अधिक संस्पर्शक फुगलेले होते असे दिवस फक्त चौदा, आणि त्यांतले बहुतेक खाद्य दिल्यानंतरचे.

मधल्या काळात एक वेगळाच दोष सापडला. माझा रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजण्याचे उपकरण) मी कायम आरओच्या पाण्याने शून्यावर आणत असे. ३५ च्या प्रमाणित द्रावणाने तपासला तेव्हा तो चार अंक जास्त दाखवत असल्याचे कळले. म्हणजे जे पाणी मी हजारी ३५ समजत होतो ते प्रत्यक्षात ३१ होते, आणि कित्येक महिने तसेच होते. पाच आठवडे घेऊन हळूहळू सॅलिनिटी वर आणली. यानंतर ॲनिमोन अधिक ताठ दिसू लागला, हे छायाचित्रांत स्पष्ट दिसते. जो प्राणी पाण्याच्या दाबावर उभा असतो त्याच्या बाबतीत असे व्हावे याचे मला नवल वाटत नाही. दिव्यावर पैसे घालण्याआधी दोनशे-तीनशे रुपयांचे हे द्रावण घेतले असते, तर मला अधिक लाभ झाला असता.

ॲनिमोनच्या संस्पर्शकांत आसरा घेणाऱ्या क्लाउनफिश या लहान माशाचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. हा मासा ॲनिमोनमध्ये राहू लागला की फुगे येतात, हे मत जुने आहे, आणि डाफ्ने फॉटिन व जेराल्ड ॲलन या अभ्यासकांनीही १९९२ मध्ये समुद्रातील निरीक्षणांवरून फुग्यांचा आणि माशाच्या उपस्थितीचा संबंध मांडला होता. मासा ॲनिमोनला काही देतो हे तर प्रयोगांतूनही दिसले आहे. मोदी रूपिन आणि नॅनेट चॅडविक यांनी २००९ मध्ये याच जातीवर केलेल्या कामातून माशाने सोडलेला अमोनिया ॲनिमोनमधील शैवालाच्या उपयोगी पडतो हे पुढे आले. माझ्या टाकीत शैवालाला पोसणारी द्रव्ये अगदी कमी, म्हणजे नायट्रेट २ च्या आसपास आणि फॉस्फेट जवळजवळ शून्य होते, आणि अशा स्वच्छतेचा मला अभिमान होता. ॲनिमोनच्या दृष्टीने मात्र ती उपासमारच असावी. आठव्या महिन्यात टाकीतच पैदास झालेली ऑसेलॅरिस क्लाउनची जोडी आणली. ही जात निसर्गात बबल टिपमध्ये राहत नाही, पण पाळीव टाकीत ती पुष्कळदा त्याला स्वीकारते. माझ्या जोडीला तेवीस दिवस लागले. मादी आधी ॲनिमोनमध्ये शिरली, नर दोन दिवसांनी. मासे संस्पर्शकांत लोळू लागल्यावर पहिले तीन आठवडे ॲनिमोन उलट आकसलेलाच राहिला, आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आखूड, टोकाशी जाडसर संस्पर्शकांचे प्रमाण खरोखर वाढले. मासे आल्यापासून टाकीत खाद्यही अधिक पडत होते, म्हणून याचे सगळे श्रेय माशांच्या सहवासाला देणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

ऑक्टोबरच्या उकाड्यात वीज गेली आणि पाणी साडेएकोणतीस अंशांपर्यंत तापले. आठवडाभर सगळे संस्पर्शक सुतासारखे होते. पाणी २६ अंशांवर स्थिरावल्यावर तो सावरला.

माझ्या मते या सोळा महिन्यांतली सर्वांत महत्त्वाची नोंद बाराव्या महिन्यातली आहे. एका सकाळी ॲनिमोन लांबट ताणलेला दिसला, दुपारपर्यंत मधोमध चीर पडली, आणि दुसऱ्या दिवशी टाकीत दोन ॲनिमोन होते. अशा उभ्या विभागणीतून होणारी दोन्ही पिले एकाच प्राण्याची असतात, त्यांच्यात आनुवंशिक फरक नसतो. जखमा भरून यायला पंधरा दिवस गेले. मग एक जुन्याच जागी राहिला आणि दुसरा सरकत सरकत खडकाच्या कडेला गेला, जिथे प्रकाश मोजला तर १४० भरला आणि प्रवाह बराच मंद आहे. पाणी एक, खाद्याचा दिवस एक, वंश एक. तरीही कडेच्या ॲनिमोनला महिन्याभरात टपोरे फुगे आले, आणि भरपूर प्रकाशातल्या, दोन्ही माशांनी व्यापलेल्या जुन्याचे संस्पर्शक लांबच राहिले. प्रकाश आणि मासे हीच दोन कारणे असती तर नेमके याच्या उलट घडायला हवे होते. हे दृश्य मी रोज समोर पाहतो, त्यामुळे अमुक एक गोष्ट केली की फुगे येतात, असे सांगणाऱ्यावर माझा आता विश्वास बसत नाही. शिवाय ज्याला आपण एकच जात म्हणतो तिच्यात वेगवेगळ्या आनुवंशिक शाखा आहेत, असे अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. तेव्हा दुसऱ्याच्या टाकीतल्या ॲनिमोनशी आपल्या ॲनिमोनची तुलना तर आणखीच सांभाळून करायला हवी.

प्रकृती पाहायची असेल तर मी फुग्यांकडे न पाहता इतर चार गोष्टींकडे पाहतो. तोंड मिटलेले आहे का. सैल, उघडे तोंड हे वाईट लक्षण असते. पायाची पकड घट्ट आहे का. संस्पर्शक खाद्याला चिकटतात का, कारण चिकटणे म्हणजे दंशकोशिका काम करत आहेत. आणि रंग टिकून आहे का, कारण दुकानात दिसणारा पांढराशुभ्र किंवा लिंबासारखा पिवळा ॲनिमोन पुष्कळदा शैवाल गमावलेला, उपाशी प्राणी असतो आणि त्याच्याही संस्पर्शकांवर सुरेख फुगे असू शकतात. हे अखेरचे मला विशेष कळकळीने सांगायचे आहे, कारण अनेक जण फुगे पाहून नेमका तोच प्राणी निवडतात आणि दोन महिन्यांत गमावतात.

दिव्याविषयी थोडेच सांगायचे आहे. निळ्या आणि पांढऱ्या प्रकाशाचे नियंत्रण स्वतंत्र असल्याने हळूहळू वाढ करणे सोपे गेले. प्रकाश टाकीच्या दोन्ही टोकांना मात्र एकतृतीयांशाने कमी पडतो. वीज गेली की घड्याळ मागे पडते आणि एकदा तर दिवे पहाटे तीन वाजता लागले होते. इन्व्हर्टरला जोडल्यापासून ती अडचण नाही. पंख्याच्या जाळीवर मिठाचा थर बसतो, तो मी दर महिन्याला मऊ ब्रशने काढतो. अकराव्या महिन्यात तेवढे करूनही एक पंखा बदलावा लागला. प्रवाळ वाढवणाऱ्याने हा दिवा जरूर घ्यावा. केवळ ॲनिमोनच्या फुग्यांसाठी घेऊ नये.

कडेचा फुगीर ॲनिमोन गेल्या महिन्यात डोंबिवलीच्या एका स्नेह्यांना दिला. त्यांच्याकडे जुन्या टी-फाइव्ह प्रकारच्या ट्यूबलाइट आहेत, नायट्रेट २५ आहे आणि क्लाउनफिश नाही. तिथे पोहोचल्यावर सहा दिवस त्याचे संस्पर्शक लांब होते. सातव्या दिवशी त्यांनी पाठवलेल्या छायाचित्रात पुन्हा सगळ्यांवर फुगे होते. माझ्याकडचा जुना ॲनिमोन आज दुपारी मोजला तेव्हा साडेतेरा सेंटिमीटर भरला, पाय घट्ट, तोंड मिटलेले, आणि एकाही संस्पर्शकावर फुगा नव्हता.