वावर आहे, पण व्हिसासाठी पैसा कसा दाखवायचा? ठेव, शैक्षणिक कर्ज की मामाची मदत

यवतमाळ, वाशीम, बुलडाण्याच्या खेड्यांतली मुलं आता परदेशी विद्यापीठांत प्रवेश मिळवतात. अडतात ती खर्च भागवण्याइतका पैसा घरात आहे, हे सिद्ध करताना. दहा एकर वावर असतं, विहिरीला पाणी असतं, पण पासबुकात रक्कम टिकत नाही. अशा घरानं ठेव दाखवावी, शैक्षणिक कर्ज काढावं की पुण्यात नोकरीला असलेल्या मामाला पुढं करावं? ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणी उत्तर वेगळं येतं.

आधी सातबाऱ्याचं बोलू, कारण बाबा सगळ्यात आधी तोच पुढं करतात. जमिनीची किंमत कितीही असली तरी ब्रिटन आणि जर्मनी ती खर्चाचा पैसा म्हणून धरत नाहीत. अमेरिकेच्या मुलाखतीत मूल्यांकनाचा दाखला जोडकागद म्हणून चालतो, तेवढंच. शैक्षणिक कर्जासाठीही बँका शेतजमीन तारण घ्यायला सहसा तयार नसतात. थकीत कर्जापोटी कोर्टात न जाता मालमत्ता विकण्याची मुभा बँकांना ज्या २००२ च्या सरफेसी कायद्यानं दिली, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. गावठाणातल्या घराला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा उतारा, असेल तर तिथंही अडतं. गावठाणातल्या घरांना मालकीचा कागद देणाऱ्या सरकारच्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) मिळाली असेल तर ती घेऊन बँकेत जरूर विचारा.

ठेव

ब्रिटनचा नियम सगळ्यात काटेकोर आहे. पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि राहण्याचा खर्च मिळून होणारी रक्कम सलग २८ दिवस खात्यात हवी, आणि त्या २८ दिवसांचा शेवट अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. राहण्याचा खर्च ११ नोव्हेंबर २०२५ पासून लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड धरतात, जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा. एका दिवसासाठी जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो.

आता शेतकऱ्याचं पासबुक उघडून बघा. कापसाचा चुकारा एकरकमी जमा होतो. चार दिवसांत कृषी केंद्राची उधारी जाते, मग मजुरीसाठी रोख निघते, मग सोसायटीचा हप्ता. जमा मोठी दिसते, पण २८ दिवस रेषा सरळ राहत नाही. म्हणून व्हिसाचा पैसा घरखर्चाच्या खात्यात ठेवूच नये. वेगळं खातं काढा किंवा मुदतीआधी मोडता येईल अशी ठेव करा. ती राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या बँकेत असावी. तालुक्याची पतसंस्था कितीही भरवशाची असली तरी ती रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते, त्यामुळे तिथली पावती व्हिसासाठी धरून चालू नये.

जर्मनीत हा त्रास बराच कमी होतो. तिथं विद्यार्थ्याच्या नावे बंदिस्त खातं उघडून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे असतात. पोचल्यावर त्यातून महिन्याला ९९२ युरो हातात येतात. पैसा किती दिवस मुरला, हे कुणी बघत नाही. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवण्याची फीही नसते (बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो पडतात). थोडी बचत आणि थोडं कर्ज अशी जुळवाजुळव करू शकणाऱ्या घराला माझ्या मते हाच रस्ता सगळ्यात सोयीचा.

कर्ज

ब्रिटनसाठी कर्जाला २८ दिवसांची अट नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण पत्र पक्क्या मंजुरीचं हवं. ते अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं असावं, कर्ज विद्यार्थ्याच्या नावे असावं आणि व्हिसा मिळण्याखेरीज दुसरी अट त्यात नसावी. 'तत्त्वतः मंजूर' असं लिहिलेलं पत्र घेऊन अर्ज करू नका.

बँकांच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांच्या वर तारण लागतं. नामांकित विद्यापीठांसाठी काही बँका त्याहून बरीच मोठी रक्कम बिनतारणी देतात, म्हणून विद्यापीठ ठरवण्याआधीच बँकेची यादी बघा. बाबा सहकर्जदार असतील तर त्यांचं थकीत पीक कर्ज आड येतं. ते नियमित करून घ्या. आणि आयकर विवरणपत्र! शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून आपल्याकडं ते कुणी भरत नाही, मग बँकेनं मागितल्यावर धावपळ होते. मुलगी बारावीत गेली की भरायला लागा, करमुक्त उत्पन्न त्यात दाखवता येतं. सोबत बाजार समितीच्या हिशेबपट्ट्या जपून ठेवा. शिष्यवृत्तीसाठी तहसीलचा दाखला लाखभराचा आणि व्हिसासाठी उत्पन्न बारा लाखांचं, असा फरक कागदांत दिसला तर उत्तर मुलाला द्यावं लागतं. दाखला खऱ्या आकड्याचाच काढा.

मामा

अमेरिकेला मामा चालतो. पहिल्या वर्षाच्या खर्चाइतका हाताशी असलेला पैसा दाखवायचा असतो आणि तो देणारा आईवडीलच असावा अशी सक्ती नाही. मात्र मामा का खर्च करतोय आणि त्याचं स्वतःचं घर कसं चालतं, हे मुलाला अधिकाऱ्यासमोर न अडखळता सांगता आलं पाहिजे. ब्रिटनमध्ये स्वतःचं किंवा आईवडिलांचं (नाहीतर कायदेशीर पालकाचं) खातंच चालतं. मामाला मदत करायची असेल तर त्यानं रक्कम भाच्याच्या खात्यात बँकेतून वळती करावी आणि तिथं २८ दिवस राहू द्यावी. जर्मनीत मामानं पैसे दिले आणि ते बंदिस्त खात्यात भरले, की प्रश्न मिटला.

कमिशनवर महिनाभर खात्यात पैसे टाकून देणारे दलाल तालुक्याच्या गावातही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका, हे मी हात जोडून सांगतो. पैसा आपला नाही हे उघडं पडलं आणि ती फसवणूक ठरली, तर ब्रिटन दहा वर्षं दार बंद करतं. मुलाचं विशीतलं सगळं वय त्यात जातं.

मला विचाराल तर बचत बेताची असलेल्या घरानं आधी जर्मनीकडं बघावं. नामांकित विद्यापीठात प्रवेश असेल तर कर्ज काढून ब्रिटन किंवा अमेरिका. घरची ठेव जुनी आणि भक्कम असेल तर कर्जाचं व्याज अंगावर घेण्याचं कारण नाही. प्रवेशाचं पत्र हातात येण्याआधी वावर मात्र विकू नका. आणि ब्रिटनसाठी बाबांचं खातं दाखवणार असाल तर मुलाचा जन्मदाखला आजच काढून बघा. त्यावरचं बाबांचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं, मराठी दाखल्याचं प्रमाणित भाषांतर लागतं, आणि ग्रामपंचायतीतून दुरुस्ती करून घ्यायला वेळ जातो.