एमएस-सीआयटी, आयगॉट की प्रत्यक्ष वर्ग? कचेरीतल्या माणसांना नेमकं कशाला बसवायचं

साहेबांनी "यंदा सगळ्यांचं डिजिटल प्रशिक्षण उरकून टाका" असं सांगितलं की आस्थापना शाखेपुढे (म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवेच्या नोंदी, वेतनवाढ बघणाऱ्या शाखेपुढे) साधारण तीन वाटा असतात. तिन्हींच्या शेवटी प्रमाणपत्र मिळतं, पण काम येतंच असं नाही.

पहिली वाट एमएस-सीआयटीची. एमकेसीएलने, म्हणजे महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने, 2001 मध्ये सुरू केलेला हा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगावच्या केंद्रांतून चालतो. तो किंवा नाइलिट या केंद्र सरकारच्या संस्थेचा 80 तासांचा सीसीसी हा संगणक अभ्यासक्रम राज्य सेवेत संगणक अर्हता म्हणून चालतो. ही अर्हता मुदतीत न मिळवल्याने वेतनवाढ अडकल्याची, वर वसुली लागल्याची प्रकरणं आस्थापनेला नवी नाहीत. त्यामुळे ज्याच्या सेवापुस्तकात ही नोंद नाही, त्याच्यापुरता प्रश्नच नाही, आधी ती नोंद करून घ्या. बाकीच्यांना मात्र यात पुन्हा बसवू नका. विंडोज, वर्ड, एक्सेल, इंटरनेट एवढ्याने पाया होतो, पण कार्यालयातली नस्ती, म्हणजे फाइल, कशी पुढे सरकते ते त्यात येत नाही.

दुसरी वाट आयगॉट कर्मयोगी. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2020 मध्ये मंजूर केलेल्या मिशन कर्मयोगी या सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षण योजनेचं हे ऑनलाइन व्यासपीठ. फुकट आहे, मोबाइलवर चालतं, आणि सायबर सुरक्षेपासून कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत विषय मिळतात. ऑक्टोबर 2024 च्या राष्ट्रीय शिक्षण सप्ताहात प्रत्येकाने किमान 4 तास शिकावं, असं उद्दिष्ट होतं. 4 तास तसे फार नाहीत, पण शिपायापासून साहेबापर्यंत एकाच वेळी सगळ्यांना पोचायचं तर दुसरं साधन नाही. अडचण वेगळीच आहे. व्हिडिओ चालू ठेवून चहाला गेलं तरी टक्केवारी पुढे सरकते. मीही हे केलंय, खोटं कशाला बोलू. आणखी एक: बदली झाली की त्या माणसाचं खातं नव्या कार्यालयाकडे वळवून घ्यावं लागतं, नाहीतर अहवालात तो जुन्याच जागी दिसत राहतो.

तिसरी वाट प्रत्यक्ष वर्गाची. पुण्याच्या यशदासारख्या सरकारी प्रशिक्षण संस्थेत पाठवलं तर शिकवणं चांगलं मिळतं, पण तेवढे दिवस टेबल बंद. महसूल सहाय्यक एकच असेल तर खिडकीपुढच्या रांगेला उत्तर कोण देणार?

म्हणून माझा कौल कार्यालयातच, चालू नस्तीवर घेतलेल्या वर्गाला. ई-ऑफिसचं, म्हणजे नस्त्या संगणकावरून हलवायच्या प्रणालीचं, उदाहरण घ्या. यलो नोट म्हणजे कच्चं टिपण, त्यात खाडाखोड करता येते. ग्रीन नोट एकदा पुढे पाठवली की तिला हात लावता येत नाही. हे पडद्यावर दहा वेळा सांगूनही उमगत नाही. स्वतःची नस्ती चुकीच्या टेबलावर गेली की एका दुपारीत उमगतं. तसंच मराठी टंकलेखनाचं. मराठी 30 श.प्र.मि. (शब्द प्रति मिनिट) टंकलेखन परीक्षा पास झालेली माणसं जुन्या फॉन्टमध्ये झरझर टिपणी लिहितात, पण तो मजकूर युनिकोडमध्ये नसल्याने ई-ऑफिसमध्ये चिकटवला की चिन्हांचा काला होतो. इनस्क्रिप्टला, म्हणजे युनिकोडच्या कळफलकाला, बोटं वळायला शेजारी बसणारं कोणीतरी लागतं, आणि बरेचदा ते नुकतंच रुजू झालेलं पोर असतं. अव्वल कारकुनाला ते जड जातं, पण पोराने "भाऊसाहेब, हे बघा" म्हणत हळूच दाखवलं तर चालतं.

खर्च म्हणाल तर एमएस-सीआयटीचं शुल्क आहे, आयगॉटला काही लागत नाही, आणि कार्यालयातल्या वर्गाला एक प्रोजेक्टर, दुपारचे दोन तास आणि साहेबांची परवानगी. यातली परवानगीच महाग.

मार्चअखेर सोडून कधीही सुरू करा. आठवड्यातून एक दुपार, आठ-दहा माणसं, प्रत्येकाने आपलीच प्रलंबित नस्ती उघडून बसायचं. सायबर सुरक्षा आणि एआयचे धडे आयगॉटवर घ्यायला सांगा, पण प्रमाणपत्र जमा करून घेताना एक प्रश्न तोंडी विचारा: डीएससीचं (डिजिटल सहीचं) डोंगल आणि पिन दुसऱ्याच्या हाती देता का? काहीजण हसून "देतो की" म्हणतील. पुढच्या दुपारी पहिल्या रांगेत त्यांनाच बसवा.