मॅटर्निटी शूट: स्टुडिओ की जुहूचा किनारा?

गरोदरपणातल्या फोटोंसाठी साधारण २८ ते ३४ आठवड्यांत पोट छान दिसतं आणि हालचालही जमते. हे दिवस जून ते सप्टेंबरमध्ये येत असतील तर किनाऱ्याचा बेत धरूच नका.

स्टुडिओत उजेड आपल्या हातात असतो. १२० सेंमीचा एकच सॉफ्टबॉक्स (पांढऱ्या कापडातून मऊ उजेड देणारा दिवा) बाजूने, किंचित मागे ठेवला की पोटाची गोलाई उठून दिसते. तोच समोरून लावला तर पोट सपाट दिसतं. ही चूक फार होते. सावली गडद वाटली तर पलीकडे पांढरा थर्माकोल धरा. एसी २५-२६ अंशांवर, टेकायला स्टूल, जवळ टॉयलेट, कपडे बदलायला कडी लागणारी खोली: आठव्या महिन्यात याचं मोल फार. दर वीस मिनिटांनी होणाऱ्या आईला बसवा.

जुहूला सूर्य समुद्रात मावळतो, उजेडासमोरची काळी आकृती, म्हणजे सिल्हूट, अप्रतिम मिळतं. पण चांगला उजेड जेमतेम अर्धा तास. गाऊन वाऱ्याने फुगतो, ओल्या वाळूत तोल जातो, एसी गाडीतून काढलेल्या लेन्सवर बाष्प धरतं. कॅमेरा आधी पंधरा-वीस मिनिटं बॅगेतच राहू द्या. शनिवार-रविवारी मागे गर्दी येतेच.

आमचं मत स्टुडिओलाच. किनारा हवाच असेल तर तो वेगळ्या दिवशी, आठवड्याच्या मधल्या वारी, भरतीची वेळ बघून ठेवा.